नोकरी सोडून मेकअप आर्टिस्ट व्हायचंय, नाशिकमध्ये जमेल का?

सिडकोची_सई
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वय २६, बीकॉम, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. शाळेपासून मेकअपचा नाद. मैत्रिणींचे साखरपुडे, भाचीचं गॅदरिंग, सोसायटीतल्या मंगळागौरी, सगळीकडे मलाच बोलावतात. हात चांगला आहे असं लोक म्हणतात, पण फुकटात केलं की सगळेच म्हणतात.

कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये चौकशी केली. महिनाभराचा ब्रायडल कोर्स, फी ७० हजार, किट वेगळं, शेवटी 'इंटरनॅशनल सर्टिफिकेट' आणि फोटोशूट. मुंबईत याच्या दुप्पट-तिप्पट सांगताहेत. आई म्हणते आयटीआय कर. बाबा म्हणतात, पार्लरच काढायचं होतं तर बीकॉम कशाला केलंस?

नाशिकमध्ये शिकू की मुंबईत? नोकरी लगेच सोडू का? आणि घरखर्चाला हातभार लागेल इतकं सुटायला किती काळ जातो? कृपया खरं खरं सांगा.

मिसळप्रेमी
वाचतोय. बायकोलाही हेच विचारायचं होतं.

गोदाकाठची
सई, पंचवटीत राहते, लग्नाची कामं करून पोट भरते, म्हणून लांबलचक लिहितेय.

आधी सर्टिफिकेट. आजवर एकाही नवरीच्या आईने ते माझ्याकडे मागितलं नाही. मागतात ते फोटो, आणि ते पण फिल्टर न लावलेले, आधीचा आणि नंतरचा. त्यामुळे 'इंटरनॅशनल' या शब्दाचे जास्तीचे पैसे मोजू नकोस. क्लास बघायला जाशील तेव्हा एवढंच विचार की एका बॅचला मुली किती, आणि रोज प्रत्येकीच्या हाताखाली खरा चेहरा येतो का? आठवडाभर डेमो बघायचा आणि उरलेल्या दिवसांत एकमेकींच्या तोंडावर प्रॅक्टिस करायची, असा क्लास असेल तर बॅचमधल्या सगळ्या मुली पंचविशीच्या, नितळ त्वचेच्या असतात. मग पहिल्यांदा पन्नाशीची वरमाय समोर बसते, आणि पावडर मारली की डोळ्याखालची प्रत्येक सुरकुती उठून दिसते. ते क्लासमध्ये कुणी शिकवलेलंच नसतं.

आता खरं काम. आपल्याकडे लग्न सकाळचं. मुहूर्त ११:४० चा असेल तर उलटं मोजत यायचं. नवरी गौरीहराला साडेदहाला बसली पाहिजे. त्याआधी फोटोग्राफरला पाऊण तास. त्याआधी साडी आणि दागिन्यांना पाऊण तास. केसांना एक, मेकअपला दीड. म्हणजे नवरी साडेसहाला खुर्चीत हवी, आणि तिच्याआधी आई आणि करवली उरकायची. औरंगाबाद रोडच्या लॉनवर साडेपाचला पोचायचं, म्हणजे तुझा दिवस चारच्या आधी सुरू. हे सगळं जमतं. जमत नाही ते म्हणजे नवरी मेंदीच्या रात्री तीनला झोपलेली असते आणि सहाला तिचे डोळे सुजलेले असतात. थंड चमचे, बर्फ, कापूस, सगळं बॅगेत ठेवावं लागतं.

आणि हळद! आदल्या दिवशीची हळद केसांच्या कडेला, कानामागे, मानेवर हमखास राहते. त्यावर तसाच बेस (फाउंडेशन) चढवला की चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची, फोटोत तर आणखीच. कापसावर ऑइल क्लिन्झर घेऊन केसांच्या मुळाशी हळूहळू पुसायचं. घाईत घासलंस तर कातडी लाल होते आणि ते लालपण झाकायला अजून एक थर. मुंडावळ्यांची दोरी कपाळाच्या दोन्ही बाजूंना घासते, तिथे बेस अगदी पातळ ठेवायचा, नाहीतर अंतरपाट निघेपर्यंत दोन पट्टे उमटलेले असतात. लाजाहोमाच्या धुराने डोळ्यांना पाणी येतंच. टिश्यूची टोकदार घडी करून करवलीच्या हातात द्यायची आणि बजावायचं: पुसू नको, टीप.

नाशिक की मुंबई? पायाचं शिक्षण इथे घे. वर्षभराने काय कमी पडतंय ते कळलं की मुंबईत तेवढ्यापुरती दोन-चार दिवसांची कार्यशाळा कर. नोकरी आत्ता सोडू नकोस. शनिवार-रविवार एखाद्या आर्टिस्टच्या हाताखाली जा. सुरुवातीला जाण्यायेण्याचे पैसे आणि लग्नाचं जेवण मिळेल. हात बसला की दिवसाचे ५००-१००० मिळतात. आमच्याकडे तरी हाच दर आहे.

आयटीआयवाली
सईच्या आईंना अनुमोदन. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास लागतं, फी क्लासेसच्या मानाने नगण्य. त्वचा, केस, स्वच्छता, रसायनं यांचा पाया चांगला होतो. ब्रायडल मेकअप त्यात थोडाच. पण पुढे बँकेत कर्जाला गेलात तर सरकारी प्रमाणपत्र उपयोगी पडतं. अडचण एकच, वर्षभर रोज हजेरी. नोकरी सांभाळून होणार नाही.

शालिमार_चौक
माफ करा, पण हे सगळं फॅड आहे असं माझं मत. गल्लीत तीन पार्लर, प्रत्येकीच्या बोर्डावर 'मेकओव्हर आर्टिस्ट'. यूट्यूबवर सगळं फुकट दिसतं. चांगली अकाउंट्सची नोकरी सोडून कशाला या भानगडीत?

गोदाकाठची
शालिमार, यूट्यूबवर स्वयंपाकही फुकट दिसतो, तरी लग्नाला आचारी बोलावतातच. पण गर्दी झालीय हे खरं आहे. म्हणूनच नोकरी सोडू नको म्हणतेय.

निफाडकर_भाऊ
मी गिऱ्हाईकाच्या बाजूने लिहितो. दोन मुलींची लग्नं केली आहेत.

ताईंनो, नाशिकच्या या धंद्याचा अर्धा पैसा शहरात नाही, तालुक्यात आहे. निफाड, पिंपळगाव, ओझर, दिंडोरी, येवला, चांदवड. द्राक्षाला आणि कांद्याला भाव असला की हळदीला वेगळी आर्टिस्ट, रिसेप्शनला वेगळा लूक, मावश्या-आत्यांचा पण मेकअप. गारपीट झाली की त्याच घरात म्हणतात, मेकअप मामीची मुलगी करेल. हे ध्यानात ठेवून भाव सांगा. आणि लासलगावला यायचं तर 'आमच्याकडे लाईट असते का' असं विचारू नका, असते! फक्त पहाटे भारनियमन असेल तर जनरेटर कधी लावणार ते आदल्या दिवशी विचारा.

पैसे सुटायला किती काळ, असं सईने विचारलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बाग लावली की पहिलं पीक धरायला दीड-दोन वर्षं जातात, तोवर दुसरं काहीतरी उत्पन्न लागतं.

रंगपेटी
धाग्यावर नाटकवाला कुणी आला नाही म्हणून लिहितो. तारुण्यात राज्य नाट्य स्पर्धेत नाशिक केंद्रावर रंगभूषा करायचो, अजूनही हौशी संस्था बोलावतात. स्पर्धेत रंगभूषेला स्वतंत्र पारितोषिक असतं, हे किती जणांना माहीत आहे?

लग्नाचा मेकअप हातभरावरून आणि कॅमेऱ्यातून बघतात. कालिदास कलामंदिरात तोच चेहरा शेवटच्या रांगेतून दिसावा लागतो, म्हणून रेषा ठळक. शिवाय प्रकाशयोजनाकाराला विचारल्याशिवाय रंग ठरवायचा नाही. निळा स्पॉट येणार असेल आणि तुम्ही गालाला लाल लावला असेल, तर नायिकेच्या गालावर काळे डाग दिसतात. आमच्या आधीच्या पिढीकडे सफेदा, पिवडी, कुंकू आणि काजळ एवढीच सामग्री. नंतर पॅनकेक आला, मग स्टिक. स्पिरिट गमने मिशी चिकटवायला शिकायचं असेल तर क्रेपचे केस एकेक थर, खालून वर लावायचे. एकदम अख्खी मिशी चिकटवली की संवादात ओठ हलले की टोक सुटतं.

सई, लग्नाचा सीझन नसतो तेव्हा नाटकाच्या तालमी बघ. पैसे फारसे नाहीत. पण म्हातारा करणं, जखम करणं, टक्कल करणं, चेहऱ्याची हाडं कुठे आहेत हे बोटाला कळणं, ते तिथेच येतं. रंगभूषाकार विक्रम गायकवाड मे २०२५ मध्ये गेले. 'बालगंधर्व' चित्रपटाच्या रंगभूषेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पुरुष नट, त्याने केलेल्या स्त्रीभूमिका, आणि तेही मोठ्या पडद्यावर जवळून दिसणार. ते काम बघ, एकेक दृश्य थांबवून बघ.

आपल्या गावाला याची परंपरा काही कमी नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. पहिल्या चित्रपटात तारामती अण्णा साळुंके यांनी केली, कारण १९१३ मध्ये बाई मिळेना. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम पण तेच आणि सीता पण तेच. एकाच चेहऱ्याचे दोन करायचे, आणि पडद्यावर गोंधळ होऊ द्यायचा नाही. (विषयांतर झालं, क्षमस्व.)

मिसळप्रेमी
काका, विषयांतर चालू द्या.

पंचवटी_एक्सप्रेस
मी मूळची नाशिक रोडची, आता मुंबईत मालिकांच्या सेटवर मेकअप करते. सुरुवातीला खरंच पंचवटीने ये-जा केली, नावात ते आलंय.

नव्या मुलींना एक माहीत नसतं. २०१४ पर्यंत मुंबईच्या सिनेमा-मालिकांत बाईला कामगार संघटनेचं मेकअप आर्टिस्टचं कार्डच देत नव्हते. बाईने केस करायचे, मेकअप पुरुषाने, असा संघटनेचा नियम, दशकानुदशकं चाललेला. चारू खुराना आणि इतर काही जणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ ला न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने तो नियम रद्द केला. महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्य हवं ही अटही त्याच निकालात गेली. सेटवर आजही 'मेकअपदादा' आणि 'हेअरताई' हेच शब्द तोंडात बसलेत, आणि मला बघून नवीन स्पॉटबॉय विचारतोच, ताई, दादा कुठे आहेत?

काम कसं असतं ते सांगते. बारा तासांची शिफ्ट, बऱ्याचदा लांबते. सर्जनशीलता आठवड्यातून एकदा, बाकी दिवस कंटिन्यूटी. दृश्य आज अर्धं झालं आणि उरलेलं चार दिवसांनी होणार असेल, तर टिकली त्याच जागी, जखम तेवढीच सुकलेली, केसांची बट त्याच बाजूला. फोनमध्ये प्रत्येक दृश्याचे फोटो, तारीख आणि दृश्यक्रमांकासकट. एपिसोडमध्ये टिकली उडी मारते तेव्हा प्रेक्षक हसतात आणि आम्हाला फोन येतो. पैसे नियमित नसतात, तीन-तीन महिन्यांनी चेक निघतो. मुंबईत खोलीचं भाडं मात्र दर महिन्याला. म्हणून हातात सहा महिन्यांचा खर्च असल्याशिवाय येऊ नकोस. असिस्टंट म्हणूनच सुरुवात होते, मग तू कितीही महागडा कोर्स केलेला असो.

आवडतं म्हणून टिकले. लग्नात तू एका दिवसासाठी चेहरा घडवतेस, इथे तोच चेहरा दोन वर्षं सांभाळायचा असतो.

डॉ_सुयोगा
त्वचारोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझी यादी वेगळी.

एक, पॅच टेस्ट. ट्रायलच्या (लग्नाआधी मेकअप करून बघण्याच्या) दिवशीच कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावा आणि ४८ तास वाट बघा. लग्नाच्या सकाळी ॲलर्जी निघाली तर काहीही करता येत नाही. पापण्यांचा गोंद विसरू नका, बऱ्याचदा दोषी तोच असतो.

दोन, स्वच्छता. क्रीमच्या डबीत बोट घालायचं नाही, स्पॅट्युलाने प्लेटवर काढायचं. मस्काऱ्याची कांडी प्रत्येकीला नवी, वापरून फेकायची. लिपस्टिक थेट ओठाला नाही. ब्रश ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि आठवड्याला साबणाने. डबीवर उघड्या झाकणाचं चित्र आणि आत '१२ एम' असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. मस्कारा तर तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा. एकीचे डोळे आले असतील तर मागोमाग तिच्या करवलीचे पण येतात ते उगाच नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. लग्न ठरलं की मुली मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडचं मिश्रण असलेली क्रीम आणून लावतात. दोन आठवडे चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाली येते, पुरळ येतं, केस वाढतात. अशा चेहऱ्यावर साधा प्रायमर पण झोंबतो. ट्रायलला 'सध्या तोंडाला काय लावतेस?' हे विचाराच, आणि ती ट्यूब बघायला मागा. क्रीम लावायची एकदम थांबवली तरी चेहरा भडकतो, त्यामुळे डॉक्टरकडे पाठवा, स्वतः सल्ला देऊ नका. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याने हातावर फोड आलेल्या नवऱ्या पाहिल्या आहेत.

मनमाडची_मनवा
डॉक्टरांनी क्रीमचा विषय काढलाच आहे म्हणून विचारते. मेकअप आर्टिस्ट मुलींना दोन शेड गोऱ्या करून का सोडतात? माझ्या लग्नात मी मलाच ओळखू आले नाही. हात सावळे, तोंड पिठूर.

गोदाकाठची
कारण मागतात, मनवा. नवरी नाही मागत, बऱ्याचदा सासू किंवा मावशी मागे उभी राहून म्हणते, 'अजून थोडं उजळ करा'. मी गळ्याच्या रंगाला जुळवते आणि खिडकीशी नेऊन उन्हात आरसा दाखवते. फ्लॅश लावून फोटो काढते. पुष्कळशा पांढऱ्या पावडरी आणि सनस्क्रीनवाले बेस फ्लॅशमध्ये चुन्यासारखे चमकतात, ते फोटोत दिसलं की मावशी गप्प बसते. बहुतेक वेळा.

शालिमार_चौक
पण पैसे मावशी देत असेल तर?

गोदाकाठची
तेव्हा अवघड होतं. खोटं कशाला सांगू?

पंचवटी_एक्सप्रेस
सेटवरही वेगळं नाही. गव्हाळ मुलीला नायिका म्हणून घेतात आणि पहिल्याच दिवशी चॅनेलकडून निरोप येतो, थोडी ब्राइट दिसू दे. मी शेड बदलत नाही, लाईटवाल्या दादाला सांगते. मनवा, तुझा राग बरोबर आहे, पण तो एकट्या आर्टिस्टवर काढू नकोस.

मनमाडची_मनवा
एकटीवर नाही काढत. पण ब्रश तिच्याच हातात असतो ना?

हिशेबनीस
भावना झाल्या, आता आकडे. सई, तू अकाउंट्सची आहेस म्हणजे तू बाकीच्यांच्या पुढे आहेस, हे आधी लक्षात घे.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. स्टुडिओ काढलास आणि मोजकीच माणसं असतील तर दुकाने-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानुसार परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची. सेवा व्यवसायाला जीएसटी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नाही. मुद्रा कर्जात शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, किटला तेवढं पुष्कळ झालं. क्लासच्या फीसाठी मात्र कर्ज काढू नकोस.

भाव ठरवताना फक्त सामान मोजतात, तिथे गडबड होते. ट्रायलचा अर्धा दिवस, पेट्रोल, असिस्टंट, पहाटेची रिक्षा, घासलेले ब्रश, मुदत संपून फेकलेलं सामान, सगळं धर. आणि वर्षाचे बारा महिने धरू नकोस. तुळशीच्या लग्नानंतर सुरू, पौषात मंद, पुन्हा एप्रिल-मे जोरात, आषाढीनंतर चातुर्मास. त्यात आपल्याकडे सिंहस्थ येतोय, आणि काही घरं सिंहस्थात लग्नकार्य टाळतात. २०२७ चा अंदाज बांधताना आपल्या भागातल्या गुरुजींना विचारून ठेव, चेष्टा करत नाही.

गोदाकाठची
हिशेबनीस, मानलं. चातुर्मासात मी मंगळागौर, डोहाळजेवण आणि नवरात्रात गरबा, यावर निभावते. डिसेंबरात शाळांची गॅदरिंग. लहान मुलांचा मेकअप करायला पैसे कमी आणि शक्ती जास्त लागते.

सई, बुकिंगचं सगळं व्हॉट्सॲपवर लिखित घे. किती जणींचा मेकअप, साडी कोण नेसवणार, नऊवारी की सहावारी, दुसऱ्या लूकला थांबायचं का, ॲडव्हान्स परत मिळणार नाही. 'ताई आल्याच आहात तर आमच्या काकूंचं पण पाच मिनिटांत' हे वाक्य प्रत्येक लग्नात ऐकशील. दर आधीच सांगितलेला असला की काकू स्वतःच लिपस्टिक लावून घेतात.

किटचं पण सांगते. पन्नास शेड घेऊ नकोस, पाच-सहा बेस आणि मिसळायची प्लेट पुरते. डोळ्याखालच्या काळ्याला नारिंगी करेक्टर, आपल्या रंगाला तो लागतोच. चांगले ब्रश घे, लिपस्टिक स्वस्त चालतील. एअरब्रश मशीन नंतर, हाताने बेस नीट बसायला लागला की. आणि अर्ध्या किमतीत मिळणारी मोठ्या ब्रँडची पॅलेट बाजारात दिसली तर बिल आणि बॅच नंबर बघ. बिल देत नसतील तर सोड.

सिडकोची_सई
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बाबांना हा धागा वाचून दाखवला. निफाडकर भाऊंचं ऐकून ते म्हणाले, 'हा माणूस बरोबर बोलतोय', बाकी काही बोलले नाहीत. म्हणजे निम्मं काम झालं.

ठरवलंय ते असं: नोकरी चालू ठेवते. ७० हजारांच्या क्लासला नाही म्हटलं. सिडकोतच एक ताई शनिवार-रविवार शिकवतात, बॅचला चारच मुली, आणि रविवारी बाहेरून बायका बोलावून त्यांच्यावर प्रॅक्टिस. रंगपेटी काका, तुमच्या संस्थेची तालीम बघायला आले तर चालेल का? आणि गोदाकाठची ताई, तुम्हाला हाताखाली कुणी हवंय का?

रंगपेटी
चालेल काय, यायचंच. येताना स्वतःचा आरसा आण, ग्रीन रूममधल्या आरशासमोर नट हलत नाहीत.

गोदाकाठची
येत्या रविवारी आडगाव नाक्याजवळ लग्न आहे. पहाटे पावणेपाचला द्वारकाला उभी राहा, तिथून घेते. काळा साधा कुर्ता, पायात बूट, केस बांधलेले, नखं कापलेली. अत्तर-परफ्यूम नको, नवरीला मळमळतं. पहिल्या दिवशी ब्रश हातात मिळणार नाही. पिना मोजून द्यायच्या, ब्रश पुसायचे आणि मी काय करते ते बघायचं. नाश्ता करून ये, लॉनवर आपल्याला दोनच्या आत कुणी जेवायला विचारत नाही.

सिडकोची_सई
येते ताई. साडेचारलाच येऊन थांबते.

निफाडकर_भाऊ
गोदाकाठची ताई, पुतणीचं लग्न मार्गशीर्षात आहे, पिंपळगावला. वरमाय धरून पाच जणी. दर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? मावशीला उजळ वगैरे काही नको, मी सांगून ठेवतो.

गोदाकाठची
व्यनि केला आहे. मुहूर्त सकाळचा की गोरज, तेवढं कळवा.